हेमांगीचं नखुरडं

हेमांगी चुरीबद्दल सांगायचं म्हटलं की तिच्या हातांपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथेच मी अडखळते. कारण त्या हातांचं कौतुक सगळ्यांत जास्त मीच केलं होतं.

मी क्लेमेंटीन, पापडीची. सव्वीस वर्षं नर्स आहे. त्यातली शेवटची आठ वर्षं वसईतल्या एका खासगी रुग्णालयात संसर्ग रोखण्याचं काम बघते. म्हणजे कोण हात धुतं, कोण नुसतं धुतल्यासारखं करतं, कुठल्या वॉर्डात कुठला जंतू सापडला, कुणाच्या मानेतली नळी किती दिवसांची झाली, यावर डोळा ठेवणारी बाई. पोरी मला पाठीमागे 'इन्स्पेक्टर' म्हणतात. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत, आणि मीही.

हेमांगी गिरीजची. माहेरही गिरीजच आणि सासरही तिथलंच, मध्ये दोन वाड्यांचं अंतर. नवरा नीलेश शाळेत क्लार्क. घरची केळी, थोडी नारळाची झाडं, आणि विहिरीच्या कडेला माठ, पालक, अळू. सकाळी उठल्यावर नवराबायको आणि सासू मिळून भाजी काढायची, टाकीत धुवायची, जुड्या बांधायच्या, आणि मग ही आंघोळ करून ड्युटीला यायची. मुलांच्या आयसीयूत ती नऊ वर्षं होती. आठ खाटा, त्यांवर कुणी तीन महिन्यांचं, कुणी दहा वर्षांचं. इवल्याशा हाताची शीर, जी डॉक्टरांनाही दिसत नाही, ती हेमांगी डोळे मिटल्यासारखी बोटांनी शोधायची. पोर रडायच्या आत सुई आत गेलेली असायची.

आयसीयूच्या दारातल्या बेसिनवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा फलक आहे. त्यातले हात हेमांगीचे होते. फोटो मीच काढले होते. नव्या पोरींना मी तिथे उभं करायची आणि म्हणायची, "हे बघा, असे हात पाहिजेत."

हेमांगी शिस्तीची होती, आणि तिच्या शिस्तीला धार होती. कुणाच्या बोटात अंगठी दिसली, कुणाचं नख वाढलेलं दिसलं, तर ती सगळ्यांसमोर बोलायची. नातेवाइकांनाही सोडायची नाही. मला ते आवडायचं. माझं निम्मं काम ती करायची.

दोन वर्षांपूर्वी, गणपती होऊन गेल्यावर, ओवी नावाची दहा महिन्यांची मुलगी आमच्याकडे आली. आईवडील विरारला फ्लॅटमध्ये राहणारे. वडील विघ्नेश अंधेरीला एका कंपनीत, आई सुरुची घरून ट्यूशन घेणारी. ओवीचं आतडं आतड्यात शिरून अडकलं होतं. लहान मुलांना होतं असं. आधी दोन दिवस ते पोटदुखीवर गेलं, आणि आली तेव्हा आतड्याचा तुकडा काळा पडलेला होता. ऑपरेशन करून तो काढावा लागला. पोटात काही द्यायची सोय नव्हती, म्हणून मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली आणि सगळं पोषण, साखर, चरबी, क्षार, त्या नळीतून सुरू केलं. वर जोरदार अँटिबायोटिक्स. पोर व्हेंटिलेटरवर होती.

अशा पोराला बुरशीची भीती असते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. बुरशी म्हणजे भाकरीवर येते ती, असंच सगळ्यांना वाटतं. पण कॅन्डिडा नावाची एक बुरशी आपल्या सगळ्यांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात असते आणि काही करत नाही. अँटिबायोटिकने तिला आवर घालणारे जंतू मेले, शरीर थकलं, आणि रक्तात थेट जायला नळीची वाट मिळाली, की तीच बुरशी पोराचा जीव घ्यायला बघते. तिची एक जात अशी आहे, की ती बहुतेक वेळा येते कुणाच्या तरी हातावरून. म्हणून तर आमच्याकडे नियम होता, अजूनही आहे. हाताला जखम असेल, सूज असेल, नखाची कड पिकून नखुरडं झालं असेल, तर आयसीयूत पाय ठेवायचा नाही. मला कळवायचं. मी दुसरीकडे काम देते.

ओवी येण्याच्या पाच-सहा दिवस आधी मी कपडे बदलायच्या खोलीत हेमांगीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी पाहिली होती.

"काय गं, बोटाला काय झालं?"

"काही नाही सिस्टर. माठाची काडी गेली."

"पिकलंय का?"

"नाही हो. सुकतंय."

मी पट्टी काढून बघायला हवी होती. ते माझं कामच होतं. पण त्या आठवड्यात दोघी डेंग्यूने घरी होत्या, एक बाळंतपणाच्या रजेवर, आणि आठही खाटा भरलेल्या. हेमांगीला बाजूला काढलं असतं तर तिच्या जागी उभं करायला माझ्याकडे माणूस नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, हेमांगीच्या हातावर शंका घ्यायची हे माझ्या मनातच आलं नाही. "ग्लोव्ह नीट घाल," एवढं म्हणून मी निघाले.

विघ्नेशची आई आशालताबाई नंदाखालला राहत. नवरा गेलेला, वाडी एकट्या सांभाळत. केळी आणि फुलं. रोज दुपारच्या भेटीच्या वेळेला त्या रिक्षा बदलत यायच्या, दोन मिनिटं नातीपाशी उभ्या राहायच्या आणि मग बाहेर बाकावर बसून राहायच्या. ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी त्यांनी ओवीच्या कपाळाला गावच्या देवळातला अंगारा लावला आणि उरलेली पुडी उशीखाली सरकवली.

हेमांगीने ते पाहिलं. ओवीचं कपाळ पुसलं, पुडी उचलली, आणि बाहेर आली. बाहेर विघ्नेश होता, सुरुची होती, आणखी तीन-चार पोरांचे आईबाप होते. मी जिन्यावरून येत होते. तिने ती पुडी सगळ्यांसमोर धरली.

"हे कुणी आणलं? आजी, तुम्ही? इथे आम्ही दिवसाला शंभर वेळा हात धुतो आणि तुम्ही राख घेऊन येता? नातीला मारायचंय का तुम्हाला?"

आशालताबाई उठून उभ्या राहिल्या. शाळेत बाईंनी उभं केल्यासारख्या. "देवाचा आहे तो..." एवढंच त्यांच्या तोंडातून निघालं.

"आई, तू आता घरी जा," विघ्नेश म्हणाला. त्याची मान खाली होती.

बाहेरचं काही पोरांजवळ आणू नये, हे बरोबरच आहे. मीही पुडी काढूनच घेतली असती. पण बाजूला नेऊन सांगता आलं असतं. मला त्या दिवशी तसं वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, बाकीच्यांनाही कळलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ओवीला पुन्हा ताप भरला. उतरत आलेला व्हेंटिलेटर पुन्हा वाढवावा लागला. प्लेटलेट्स खाली आल्या. रक्त तपासायला गेलं आणि दोन दिवसांनी लॅबमधून फोन आला, रक्तात बुरशी वाढतेय. त्याच आठवड्यात नालासोपाऱ्याच्या एका सात महिन्यांच्या बाळाच्या रक्तातही तीच निघाली.

आमच्या मुलांच्या आयसीयूचे प्रमुख डॉ. ॲलिस्टर. तरुण माणूस, कमी बोलणारे. त्यांनी विघ्नेश-सुरुचीला बसवून सांगितलं. मानेतली नळी काढून टाकतोय, बुरशीचं औषध शिरेतून सुरू करतोय, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल, हृदय आणि डोळे तपासावे लागतील कारण ही बुरशी रक्तातून तिथे जाऊन बसते. मी तिथे होते. हेमांगी औषधांचा ट्रे घेऊन शेजारी उभी होती.

"पण ही आली कुठून?" विघ्नेशने विचारलं.

"अशा आजारी मुलांत बऱ्याच वाटा असतात," डॉक्टर म्हणाले. "नळी, अँटिबायोटिक, आतड्यातून, हातांवरून. आम्ही शोधतोय."

विघ्नेश हेमांगीकडे वळला. "सिस्टर, तो अंगारा... त्याच्यातून आली असेल?"

डॉक्टरांना तोवर कुणीतरी दुसऱ्या खाटेकडे बोलावलं होतं. हेमांगीने ट्रेकडे बघितलं आणि म्हणाली, "असू शकतं."

दोनच शब्द. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. राखेतून ही बुरशी रक्तात जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तोंड उघडलं नाही. वाटलं, नंतर सांगू. विघ्नेश बाहेर गेला, आणि काचेतून मला दिसलं, तो फोनवर हातवारे करून बोलत होता.

त्या दिवसापासून आशालताबाई यायच्या बंद झाल्या.

एका आठवड्यात दोन मुलं, एकच बुरशी. मग मी सगळ्यांचे हात तपासायला घेतले. प्लास्टिकच्या पिशवीत पातळ द्राव असतो, त्यात बोटं बुडवून चोळायची आणि तो द्राव लॅबला पाठवायचा. नर्स, डॉक्टर, मावश्या, सगळ्यांचे. हेमांगीची पाळी आली तेव्हा तिने ग्लोव्ह काढला आणि पट्टी काढली. नखाच्या कडेचं मांस सुजून लाल झालं होतं, नख एका बाजूने हिरवट, मळकट, मुळापासून सुटलेलं. काडी गेल्याचं ते नव्हतं. भाजीच्या पाण्यात आणि इथल्या पाण्यात सतत ओले राहून जुनाट झालेलं नखुरडं होतं, कितीतरी आठवड्यांचं.

मी तिच्याकडे बघितलं. तिने बोटं पिशवीत घातली आणि चोळत राहिली, मी पुरे म्हटलं तरी चोळत राहिली.

रिपोर्ट यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी, तिने मला चादरींच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सिस्टर, मीच आहे."

"अजून काही आलेलं नाही, हेमांगी."

"मला माहीत आहे मी काय केलं ते." ती उभीच होती. "ओवीची पोषणाची बाटली बदलत होते. ग्लोव्हचं बोट फाटलेलं होतं. तेवढ्यात पाच नंबरच्या खाटेचा अलार्म वाजला. ग्लोव्ह बदलला, पण हात नाही धुतले. नळीचं तोंड स्पिरिटने पंधरा सेकंद घासायचं ना, मी एक-दोन-तीन केलं आणि जोडलं. बोट ठणकत होतं, पट्टी आतून ओली होती. मला कळत होतं. त्या वेळी कळत होतं."

"कळवलं का नाहीस मला?"

तिने समोरच्या चादरीची घडी सरळ केली. मग म्हणाली, "दारात माझे हात लावलेत ना. मी काय सांगायला येऊ, की माझ्याच हाताला बुरशी झालीय?"

मी फोटो काढले होते, मी ते लावले होते.

रिपोर्ट आला. तिघींच्या हातांवर बुरशी निघाली. दोघींच्या हातांवर तीच जात, आणि त्यातली एक हेमांगी. ओवीच्या रक्तातली बुरशी आणि हेमांगीच्या बोटावरची बुरशी एकाच बीजाची का, हे सांगणारी तपासणी वेगळी असते. ती आमच्या लॅबमध्ये होत नाही, आणि बाहेर पाठवली गेली नाही. त्यामुळे सिद्ध काहीच झालं नाही. कुणीही म्हणू शकतं की ती नव्हती. कुणीही म्हणू शकतं की ती होती.

हेमांगीला घरी पाठवलं, बोटावर उपचार सुरू झाले. मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, 'कर्मचाऱ्यांच्या हातांच्या स्वच्छतेत सुधारणा आवश्यक.' नाव नाही, नखुरडं नाही, मी पाहिलेली पट्टी नाही. वरच्यांना तो अहवाल पसंत पडला. दारातला फलक मी स्वतः काढला आणि कपाटामागे उलटा करून ठेवला, कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचार करत.

नालासोपाऱ्याचं बाळ लवकर सावरलं. ओवी सावरली नाही लवकर. सहा दिवस तिच्या रक्तात बुरशी येतच राहिली. औषधाने तिला थंडी वाजून यायची, सगळं अंग थरथरायचं. सातव्या दिवसापासून रक्त स्वच्छ यायला लागलं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना उजव्या डोळ्याच्या आत, पडद्यावर, पांढरा ठिपका दिसला. बुरशी तिथे जाऊन बसली होती. डोळ्यात इंजेक्शनं झाली. डोळा वाचला, नजर पूर्ण वाचली नाही. पाच आठवड्यांनी ओवी घरी गेली तेव्हा सुरुचीने सगळ्या सिस्टरांना पेढे दिले. मला दिलेला पेढा मी खिशात ठेवला. तो खाता आला नाही आणि टाकताही आला नाही.

डॉ. ॲलिस्टरनी विघ्नेशला नंतर सांगितलं होतं, की संसर्ग बहुधा आयसीयूतच लागला. पण विघ्नेशच्या मनात गोष्ट आधीच बसली होती. आयसीयूत लागला, म्हणजे आईने तिथे आणला म्हणून लागला.

हे मला कळलं ओवी घरी गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात. ओवीला डोळ्यांच्या तपासणीला आणलं होतं, मी बाहेरच्या पॅसेजमध्ये सुरुचीला भेटले. सहज विचारलं, "आजी कशा आहेत?"

सुरुचीने आधी इकडेतिकडे पाहिलं. "त्या ओवीला उचलत नाहीत आता, सिस्टर. आमच्याकडे आल्या तरी दारात बसतात. सारखे हात धुतात. साबणाने, मग डेटॉलने, पुन्हा साबणाने. बोटांची सालपटं निघालीत. मी म्हटलं, आई, घ्या ना तिला. तर म्हणतात, नको गं, माझे हात वाईट आहेत." तिचा आवाज बारीक झाला. "आणि विघ्नेश बघतो आणि काही बोलत नाही. त्याने त्यांना नीट हाक मारल्याला चार महिने होत आले."

मी त्याच संध्याकाळी गिरीजला गेले. हेमांगी मागच्या दारी बसली होती, हात कोरडे, मांडीवर ठेवलेले. डॉक्टरांनी पाण्याचं काम बंद केलं होतं, भाजीच्या जुड्या आता सासू आणि नीलेश बांधत होते. मी सुरुचीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायचा मोह झाला होता, पण नाही केलं.

तिने ऐकलं आणि दोन्ही तळवे पदराखाली घेतले. "'असू शकतं' म्हटलं मी," ती म्हणाली. "बाईला खुनी ठरवून बसले." आणि मग, "उद्या येता माझ्याबरोबर?"

रुग्णालयाने आम्हाला नातेवाइकांशी परस्पर बोलायला मनाई केली होती. मी "येते" म्हटलं, पण सांगते, मनात पहिला विचार माझ्या नोकरीचा आला.

नंदाखालला पोहोचलो तेव्हा दुपार होती. आशालताबाई अंगणात सुपात फुलं निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या, आणि पहिलं काय केलं, तर हात पदराला पुसले आणि मागे लपवले.

"ओवीला काही झालं का?"

"नाही आजी, ओवी बरी आहे," मी घाईने म्हणाले.

हेमांगी खाली बसली. बसा म्हणायच्या आधीच, मातीत. आणि बोलायला लागली. फार वेळ घेतला नाही तिने. बोटाचं सांगितलं, लपवल्याचं सांगितलं, फाटलेल्या ग्लोव्हचं, एक-दोन-तीन करून जोडलेल्या नळीचं. "तुमच्या अंगाऱ्याने काही झालं नव्हतं, आजी. मला तेव्हाच माहीत होतं. विघ्नेशदादांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

मग मीही बोलले. म्हटलं, मी हिच्या बोटाची पट्टी आधीच पाहिली होती आणि उघडून बघितली नाही, आणि ही खोटं बोलली तेव्हा मी शेजारीच उभी होते.

आशालताबाई सुपाकडे बघत होत्या. एक फूल उचललं, देठ मोडला, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, रडतील. किंवा जाऊ दे म्हणतील. आमच्याकडच्या बायका म्हणतात पटकन, समोरच्याला अवघडायला नको म्हणून. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"तू मला किती लोकांपुढे बोललीस?" त्यांनी हेमांगीला विचारलं.

"बरीच माणसं होती."

"आणि हे सांगायला इथे आलीस. इथे कोण आहे? ही केळी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी अंथरुणाला पाठ लावली की एकच दिसायचं, माझी बोटं आणि पोरीचं कपाळ. चार महिने. तू येऊन मातीत बसलीस, तुझं मोकळं झालं. माझा मुलगा माझ्याकडे बघत नाही, त्याचं काय?"

हेमांगीची मान वर होईना.

"त्याच्यापुढे सांग," आशालताबाई म्हणाल्या. "त्याच्यापुढे आणि सुनेपुढे. मला समोर बसवून. जमेल?"

"हो."

"रविवारी तो घरी असतो."

त्यांनी आम्हाला पाणी दिलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही.

रविवारी सकाळी विरारला विघ्नेशच्या फ्लॅटवर आम्ही तिघी एकाच रिक्षातून गेलो, आशालताबाई मध्ये. विघ्नेशने दार उघडलं आणि आईला आमच्याबरोबर बघून गोंधळला. सुरुचीने ओवीला कडेवर घेतलं होतं. आशालताबाई नेहमीसारख्या दाराशी टेकल्या नाहीत. आत जाऊन सोफ्यावर बसल्या.

हेमांगी उभी राहूनच बोलली. तेच सगळं, तेवढ्याच शब्दांत. शेवटी म्हणाली, "बाहेर बाकावर मी आजींना जे बोलले, ते ज्यांच्यापुढे बोलले ती सगळी माणसं आता मिळणार नाहीत. तुम्ही दोघं मिळालात. दोष आजींचा नव्हता. माझा असण्याची शक्यता जास्त आहे."

विघ्नेश आधी रागावला तो आमच्यावर. "आणि तुम्ही चार महिन्यांनी सांगताय? पोरीचा डोळा गेल्यावर?" तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "लेखी द्याल हे?"

"देते," हेमांगी म्हणाली. पर्समधून तिने घडी केलेला कागद काढला. तिने तो घरूनच लिहून आणला होता, सहीसकट. मलाही माहीत नव्हतं.

त्याने कागद वाचला. वाचून झाल्यावर तो आईकडे वळला, आणि त्याचा चेहरा मला बघवला नाही. माणूस मोठा असतो, मिशा असतात, कंपनीत हाताखाली दहा जण असतात, आणि तरी असा चेहरा होतो. "आई, मी..." म्हणाला आणि आत स्वयंपाकघरात निघून गेला. नळ सोडल्याचा आवाज आला.

आशालताबाईंनी सुरुचीकडे हात केले. सालं निघालेली, खरखरीत बोटं. "दे इकडे तिला."

सुरुचीने ओवीला त्यांच्या मांडीवर दिलं. ओवी क्षणभर बघत राहिली, मग तोंड वेडंवाकडं करून आईकडे झेपावली आणि रडायला लागली. चार महिन्यांत तिला आजीची सवय मोडली होती. आशालताबाईंनी तिला धरून ठेवलं नाही, सोडलंही नाही. "रड," म्हणाल्या, "रड बाय, मी आहे." हेमांगी भिंतीला टेकली होती. त्या रडण्यातून तिची सुटका करणारं तिथे कुणी नव्हतं.

"तुम्ही जा आता," सुरुची आम्हाला म्हणाली. रागाने नाही. पण आम्ही गेलोच.

विघ्नेशने रुग्णालयाकडे तक्रार केली, करायलाच हवी होती. चौकशी झाली. मी जुना अहवाल मागे घेऊन नवा दिला, त्यात हेमांगीचं नाव आणि माझं नाव, दोन्ही. डॉ. ॲलिस्टरनी तो वाचून एवढंच म्हटलं, "हा तेव्हाच यायला हवा होता." मला ताकीद मिळाली. हेमांगीला आणखी महिनाभर घरी बसवलं आणि मग कायमचं बाहेरच्या ओपीडीत टाकलं, नोंदणीच्या खिडकीवर. आयसीयूत परत घ्या असं तिने कधी विचारलं नाही. विघ्नेश आता दर रविवारी ओवीला घेऊन नंदाखालला जातो, असं सुरुची सांगते. आशालताबाई मला एकदा आगाशीच्या बाजारात दिसल्या. बोलल्या, फुलांचा भाव सांगितला, ओवीचं सांगितलं. हेमांगीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

आता ओवी तीन वर्षांची होईल. उजव्या डोळ्याला काम करायला लागावं म्हणून तिच्या चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात. नजर थोडी सुधारली आहे. पूर्ण होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

गेल्या महिन्यात सुरुची तिला घेऊन तपासणीला आली तेव्हा खिडकीवर नेमकी हेमांगी होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं. सुरुची म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांची खोली बदललीय का हो?"

"वरच्या मजल्यावर गेली," हेमांगी म्हणाली. "चला, दाखवते."

ती खिडकी शेजारच्या मुलीकडे सोपवून त्यांच्यापुढे जिना चढली. ओवी पायऱ्या एकेक करून, मोठ्याने मोजत चढत होती. आठच्या पुढे पुन्हा पाच म्हणत होती. एका पायरीवर तिचा पाय अडखळला, उजवा डोळा अंतर नीट सांगत नसावा, आणि तिने आधारासाठी जवळ होता तो हात धरला. तो हेमांगीचा होता.

हे हेमांगीने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, डबा न उघडता. "मी हात काढून घेतला, सिस्टर," ती म्हणाली. "पोर पडली असती. सुरुचीने धरलं म्हणून. आणि ओवी माझ्याकडे बघत होती, चांगला डोळा पट्टीखाली. तिला मी कशी दिसले असेन?"

मी म्हटलं, "धुरकट दिसत असेल." दुसरं काही खरं सुचलं नाही. तिने मान हलवली, डबा पिशवीत परत ठेवला आणि खिडकीवर जाऊन बसली. बाहेर रांग लागलेली होती.